खुंटीवरचा पट्टा

मला कुत्री कधी आवडली नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. माहेरी औशाला आमच्याकडे गाईम्हशी होत्या, पण कुत्र्याला भाकरी टाकायची ती दाराबाहेर आणि लांबून. तरी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, नांदेडला, ऐन नवरात्रात एक अख्खं शिकारी कुत्रं माझ्या गळ्यात पडलं.

ते दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांचं. आदल्या साली मला विषमज्वर झाला, तेव्हा तीन आठवडे ते दोन्ही वेळा घरी येऊन मला पाहून जायचे. घरच्यांनी आशा सोडली तरी त्यांनी सोडली नव्हती. त्यांच्या भाचीचं लग्न हैदराबादला निघालं, घरची सगळी मंडळी रेल्वेने जाणार, आणि कुत्र्याला कुठे ठेवायचं असा प्रश्न आला. आमच्या ह्यांनी लगेच हो म्हटलं. हे शाळेत दिवसभर उर्दूतून हिशेब शिकवायचे, पण घरातला हिशेब त्यांना कुठल्याच भाषेत जमत नसे. मला कुणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तरी ज्यांनी मला मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटली नसती.

डॉक्टरसाहेब स्वतः त्याला घेऊन आले. अहमदपूरकडच्या एका शेतकऱ्याने बायकोला बरं केल्याबद्दल पिल्लू दिलं होतं, त्याचं आता हे कमरेएवढं झालेलं. कारवानी जात, लांबडं तोंड, खपाटीला गेलेलं पोट. खायला ज्वारीची भाकरी आणि दूध, त्यामुळे तोही प्रश्न मिटला. गळ्यात जाड चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला पितळी बिल्ला.

डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "बेटी, इसको रोज दौड़ना होना. नहीं दौड़ा तो घर खा जाता." मग सासूबाईंकडे वळून हात जोडले. "माँजी, बच्चे के माफिक पाला मैं इसको. आपके पास मेरी अमानत है."

सासूबाई म्हणाल्या, "वसरीवर राहील. उंबऱ्याच्या आत न्हाई."

पहिले तीन दिवस हे पहाटे त्याला गोदावरीच्या काठी पळवून आणत. कुत्रं पळायचं आणि हे मागे फरफटत जायचे. चौथ्या दिवशी घाटाच्या पायरीवर ह्यांचा पाय मुरगळला आणि घोटा गाडग्याएवढा सुजला. त्यानंतर कुत्र्याला पळवणारं कोणी राहिलं नाही. पुरुषमाणसांनी भरलेल्या काठावर मास्तराची बायको कुत्र्यामागे धावतेय, हे तेव्हा कुणाच्या मनातसुद्धा येण्यासारखं नव्हतं.

मग त्याने घर खायला सुरुवात केली. आधी ह्यांची एक वहाण, मग केरसुणी, मग वाळत घातलेल्या धोतराचा काठ. ओसरीच्या खांबाला बांधला तर खांबाभोवती गोल फिरून दावं गुंडाळून घ्यायचा आणि मग अडकला म्हणून कोकलायचा. मला नऊ दिवसांचा उपास होता. उपाशी बाई आणि न दमलेलं कुत्रं एका ओसरीवर, याहून वाईट जोडी मी आयुष्यात पाहिली नाही. मी त्याच्यावर ओरडायचे आणि त्याला वाटायचं, ही खेळतेय.

सातव्या माळेला दुपारी दवंडी आली. सासूबाई तेव्हा देवीच्या देवळात पोथी ऐकायला गेल्या होत्या, हे आत झोपले होते. मी दारात भगर निवडत बसले होते. उद्यापासून बिगरपट्ट्याची कुत्री मारणार, ज्यांनी पाळली असतील त्यांनी पट्टा आणि बिल्ला गळ्यात ठेवावा, असं ओरडत दवंडीवाला पुढे गेला. मी ऐकलं. आमच्या पाहुण्याच्या गळ्यात दोन्ही होतं, म्हणून भगर निवडत राहिले.

दुसरा दिवस अष्टमीचा. आमची कुलदेवी माहूरची रेणुका, त्यामुळे अष्टमीला घरात कडक सोवळं. पाच सवाष्णी जेवायला यायच्या होत्या. सकाळी मी पुरणाचा गोळा वाटत होते, तेवढ्यात या लाडक्याने दावं तोडलं आणि तो थेट माजघरातून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला. घट आणि त्याचं नाक यांत हातभर अंतर राहिलं होतं. मी पुरणाच्या हातानेच त्याला पट्ट्याला धरून मागे ओढलं.

सासूबाई पूजेवरून उठल्या. ओरडल्या नाहीत. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

"पट्टा काढ त्याचा," त्या म्हणाल्या. "घट बसलाय आणि चामडं घरभर हिंडून राहिलंय."

"आणि कुत्रं चालतं का?" मी म्हटलं.

"तो जीव हाय. दत्ताच्या पायाशी चार बसलेत. पण त्यांच्या गळ्यात मेलेलं कातडं न्हाई."

पहाटेपासून मी चुलीपाशी होते, पोटात अन्न नव्हतं, पुरणाचा हात विटाळला म्हणून पुन्हा आंघोळ करायची होती. मी दातओठ खात पट्टा सोडला आणि गोठ्यातल्या खुंटीला टांगला. कुत्र्याच्या गळ्यात सुताची दोरी बांधून त्याला परसात अडकवलं.

आंघोळ करून आले तर दोरी तेवढी होती.

परसाची कवाडी उघडी होती. मी आधी ओसरी पाहिली, मग बोळ. मग गोठ्यात आले आणि खुंटीवरचा पट्टा दिसला, त्याच्यावरचा बिल्ला दिसला, आणि मी धावत घरात आले. ह्यांना हाक मारली. ते उठले, दुखरा पाय टेकवला आणि भिंत धरून खाली बसले. मग मी पट्टा घेतला आणि निघाले. ओल्या केसांनी, अष्टमीच्या नेसत्या लुगड्यानिशी, हातात चामडं घेऊन. सासूबाई मागून काहीतरी म्हणाल्या, ते मी ऐकलं नाही.

आधी नदीवर गेले, कारण त्याला तीच वाट माहीत. घाटावर धुणं धुणारा एक परीट होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "कुत्रं न्हाई आलं इकडं, बाई. पण लाठीवाल्यांची गाडी गेली आत्ताच दवाखान्याच्या अंगाला."

दवाखान्यामागेच डॉक्टरसाहेबांचं घर. हे मला आधी का सुचलं नाही, म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या. तो घरी गेला होता. दुसरं कुठे जाणार?

बाजारातून धावणारी बाई लोकांनी थांबून पाहिली. पदर खांद्यावर राहत नव्हता, श्वास पुरत नव्हता, आणि डोक्यात एकच चाललं होतं: डॉक्टरसाहेबांनी मला वाचवलं आणि मी त्यांचं लेकरू मारलं. वळणावर ती गाडी उभी दिसली. साधी बैलगाडी, वर तरट टाकलेलं, आणि तरटाखालून दोन पाय बाहेर आलेले. पिवळट पाय. आमच्याचाही रंग पिवळट. मी तरट उचललं. तसं करायचं धाडस कुठून आलं, ते मला अजून कळत नाही. खाली तीन कुत्री होती. आमचं नव्हतं.

पुढे गेले तर कुलूप लावलेल्या दारापाशी, पायरीवर तो बसला होता, दाराकडे तोंड करून. दोन माणसं दोन बाजूंनी लाठ्या घेऊन हळूहळू सरकत होती, आणि हा शहाणा शेपटी हलवत होता.

"थांबा," मी म्हटलं. "पाळलेलं आहे. पट्टा आहे त्याला."

त्यातला वयस्कर माणूस म्हणाला, "कुठं हाय?"

मी हात वर केला.

"हातात हाय. गळ्यात पायजे. हुकूम तसाच हाय."

"घालते ना."

"घाला मग. आमाला पुढची गल्ली हाय."

मी पुढे झाले तर तो उडी मारून बाजूला. पुन्हा पुढे झाले, पुन्हा उडी. चार दिवस न पळालेलं कुत्रं, त्याला वाटलं आता खरा खेळ सुरू झाला. तो माझ्याभोवती गोल फिरू लागला, मधूनच पुढचे पाय टेकून भुंकायचा, आणि प्रत्येक फेरीत लाठीच्या टप्प्यात जायचा. दुसरा माणूस तरणा होता, त्याचा हात वर गेला.

मग मला डॉक्टरसाहेब आठवले. आमच्या ओसरीवर पट्टा घट्ट करायचा होता, तेव्हा त्यांनी याला बोलावलं नव्हतं. नुसते खाली बसले होते, गप्प, आणि यानेच येऊन हनुवटी त्यांच्या मांडीवर टेकवली होती. मी मातीत बसले. त्या माणसांना म्हटलं, "लाठ्या खाली ठेवा. तेवढं करा." वयस्कर माणसाने ठेवली. तरण्याने थोडा वेळ घेतला.

मी हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. त्याने आणखी दोन चकरा मारल्या. मग उभा राहिला. मग जवळ आला, माझ्या ओल्या केसांचा वास घेतला, आणि हनुवटी माझ्या मांडीवर टेकवली. बकलाचा काटा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. वयस्कर माणसाने वाकून बिल्ला पाहिला, लाठी उचलली आणि गाडीकडे गेला. मी तिथेच, त्या कुत्र्याच्या मानेत तोंड घालून रडले.

घरी आले तेव्हा सवाष्णी आलेल्या होत्या. सासूबाई दारातच उभ्या.

"गावलं?" त्यांनी विचारलं.

त्या एका शब्दाने माझा बांध फुटला. पाचही बायकांसमोर मी म्हटलं, "तुमच्या सोवळ्यापायी मेलं असतं ते. बिगरपट्ट्याची कुत्री मारून राहिलेत गावात. आता पट्टा निघणार नाही. हवं तर मीही त्याच्याबरोबर बाहेर राहते."

कुठल्याही सुनेने तेव्हा असं बोलू नये, आणि बोललीच तर ऐकून घेतलं जाऊ नये. पण सासूबाई ओसरीवर खाली बसल्या. मग मला म्हणाल्या, "आंघोळ कर. वाढायचं हाय." पट्टा निघाला नाही. दसऱ्यापर्यंत तो ओसरीवर चामड्यासकट होता.

डॉक्टरसाहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परतले. कुत्र्याने त्यांना जवळजवळ पाडलंच. ते हसत सासूबाईंना म्हणाले, "माँजी, आपने अमानत संभाली."

"म्या न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातून तर गेलंच होतं. पट्टा म्या काढाय लावला. ह्या पोरीनं आणलं म्हणून हाय."

मानी बाई. उभ्या जन्मात कुणापुढे मान न तुकवलेली. परक्या माणसासमोर तिने ते सरळ सांगितलं. डॉक्टरसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

दवंडी सासूबाईंनी ऐकली नव्हती. मी ऐकली होती. नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या गडबडीत मला ती आठवली नाही. आता सासूबाई नाहीत, डॉक्टरसाहेब नाहीत, ते हैदराबादचं राज्यही नाही, तेव्हा खरं लिहिते. पट्टा खुंटीला टांगताना ती मला आठवली होती. एका वाक्याचं काम होतं, आणि सासूबाईंनी तो पट्टा तसाच ठेवू दिला असता. पण मी रागात होते, आणि मनात म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, म्हणजे कळेल सासूबाईंना.