आईचं माहेर आणि ट्रेलरची बॅटरी

मंडळी, आज आमच्या घरी माहेरच्या गोष्टी निघाल्यात, तेही एका बॅटरीमुळे!

आईला रात्री ऑक्सिजनच्या मशीनशिवाय झोपता येत नाही. त्यामुळे कित्येक वर्षं ती मालवणजवळच्या माहेरी गेलेली नाही. वाटेत मुक्काम करायचा तर रात्रभर वीज हवी. म्हणून मी गाडीमागे ओढायचा ट्रेलर बनवून घेतला, त्यात लिथियम बॅटरी बसवली. पण इंजिनवर वीज बनवणाऱ्या गाडीच्या अल्टरनेटरला थेट जोडल्यावर बॅटरीने इतका करंट ओढला, की अल्टरनेटर तापून जळका वास सुटला.

आज दोघांच्या मध्ये करंट आवरणारा चार्जर बसवला आणि विरारहून नंदाखालपर्यंत चक्कर मारली. बायको मोबाईलवर ट्रेलरच्या बॅटरीचं चार्जिंग बघत होती.

"अहो, वाढतेय!" ती ओरडलीच.

मी बॉनेट उघडून पाहिलं. कसलाही वास नव्हता.

घरी येऊन आईला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "शेजारची मंगल आसा मां रे अजून?"

तिची माहेरची बालमैत्रीण. मला खरंच माहीत नाही.

"जावन बघूया गे," म्हटलं.

कोकणातल्या मित्रांनो, रस्ता सध्या कसा आहे? खड्डे असले तरी सांगा. हळू जाऊ, पण जाऊ.