घंटेतला पायमोजा

नेड्रा हॅलस्टेड एकतीस वर्षं लोकांना डोंगरात घेऊन गेली आणि एकालाही तिथे विसरून आली नाही, असं ती स्वतःच सांगायची. काहींना विसरून यायला हवं होतं, असं मी म्हणायचो. मी तिच्या तळावरचा स्वयंपाकी. माझं नाव एमेट, पण कॉफी पातळ झाली की लोक मला दुसऱ्या नावांनी हाक मारतात.

आमच्या वायोमिंगमध्ये ऑक्टोबर लागला की शहरांतली माणसं एल्कच्या शिकारीला येतात. एल्क म्हणजे सांबराच्याच घराण्यातला, पण अंगाने घोड्याच्या बरोबरीचा. माणसं जमवायची आणि परवान्यांचे कागद रंगवायचे हे काम आमचा मालक रॉस कॅडी करायचा. मोटारीचा रस्ता संपला की पुढे केटल खोऱ्यातल्या तंबूंपर्यंत बावीस मैल घोड्यावर, आणि तिथून पुढे मालकासकट सगळ्यांनी नेड्राचं ऐकायचं.

ती नालबंदाची मुलगी, उंचीने माझ्या खांद्याला लागणारी. 'मी की डोंगर' असं नवऱ्याने एकदा तिला विचारलं आणि उत्तर ऐकायला तो थांबला नाही. तेवढा तो शहाणा होता. तिने पुढे दुसरं लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. दोन मैलांवरच्या उतारावर एल्कचा कान हललेला तिला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. मी तिच्या बोटाच्या रोखाने दुर्बीण लावून पाच मिनिटं शोधायचो, तेव्हा कुठे मला झाड सापडायचं. मी देवळात फारसा जाणारा नव्हे, पण तिला डोंगराकडे बघताना बघितलं की डोक्यावरची टोपी काढावीशी वाटे.

एका वर्षी मी नवी टोपी घेतली. त्या सकाळी नेड्रा माझ्याकडून कॉफी घेऊन म्हणाली, "पाहुणे, झोप झाली का नीट?" मला वाटलं थट्टा करतेय. मी टोपी काढली तेव्हा ती दचकली आणि मग मोठ्याने हसली. ते हसणं मला आवडलं नाही. त्यानंतर मी लक्ष ठेवू लागलो. ती दुर्बीण पाहुण्याच्या हातात द्यायला लागली होती, म्हणे त्यांच्या नजरेला सवय होऊ दे. आणि स्वतः बघायची ती पर्लच्या कानांकडे. पर्ल म्हणजे तिची करडी घोडी. जनावर असेल तिकडे पर्लचे कान वळायचे, की नेड्रा तिकडे बोट करायची आणि पाहुण्याला ते दिसायचं. लोक थक्क व्हायचे. मीही झालो, फक्त वेगळ्या कारणासाठी.

मी हे कुणाला सांगितलं नाही. वाट दाखवणाऱ्याची नजर गेली हे कळलं की त्याला माझ्या शेजारी बटाटे सोलायला बसवतात. नेड्रा बटाट्यांपुढे बसलेली मला बघवली नसती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं आणि स्वतःला मोठा दिलदार मित्र समजत राहिलो.

टोपीच्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी प्रॅथर आला. ओहायोचा, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला सभ्य माणूस. परवान्याच्या सोडतीत नऊ वर्षं त्याचं नाव लागलं नव्हतं. तो चवीने जेवायचा, ताट स्वतः धुवायचा. खोड एकच, त्याला झोप लागत नसे. पर्लच्या गळ्यातली घंटा रात्रभर वाजते आणि डोळा लागला की मोडतो, अशी त्याची तक्रार होती.

घंटा बांधायचं कारण आहे. खेचरांचा जीव घोडीत अडकलेला असतो. घोडीला घंटा बांधून चरायला सोडली की सगळी खेचरं त्या आवाजाला धरून राहतात. घंटा नसली की खेचर म्हणजे जत्रेत चुकलेलं पोर. हे मला ठाऊक होतं. पण पाचव्या दिवशी प्रॅथरचे डोळे इतके लाल झाले होते की मला दया आली. झोपण्यापूर्वी मी माझा एक लोकरी पायमोजा त्या घंटेत कोंबला. नेड्राला सांगितलं नाही.

रात्रभर बर्फ पडलं. पहाटे बघतो तर बाहेर गुडघाभर पांढरं, आणि बिस्किट गायब. बिस्किट हे आमचं सगळ्यात पिवळट, सगळ्यात लाडकं खेचर. पर्लच्या मागे ते वासरासारखं फिरायचं. मी पायमोजा काढून खिशात घातला. ओट्सचा वास आला की येईल परत, असं मनाशी म्हटलं. तो प्रॅथरचा शेवटचा दिवस होता. आमचा सामानवाला दोर ओढताना खांदा निखळवून बसला होता, म्हणून मांस आणायची दोन खेचरं घेऊन मलाच नेड्रा आणि प्रॅथरबरोबर जायचं होतं. निघताना नेड्राने विचारलं, "सगळी जनावरं आहेत ना रे?" मी म्हटलं, "आहेत."

उजाडता उजाडता आम्ही वरच्या पठाराच्या तोंडाशी पोचलो. मी हा डोंगर वीस वर्षं बघतोय, तरी तशी सकाळ मी बघितली नव्हती. वारा पडलेला होता. प्रत्येक फांदीवर वीतभर बर्फ, आणि आवाज म्हणाल तर फक्त घोड्यांच्या श्वासाचा. प्रॅथर हळूच म्हणाला, की बोलायचीसुद्धा लाज वाटतेय. मला त्याचं म्हणणं पटलं.

पर्लचे कान वळले. नेड्रा खाली उतरली, लगाम कोपरात अडकवला आणि पुढच्या झाडोऱ्याकडे बोट केलं. मी वीस पावलं मागे खेचरं धरून उभा होतो. मध्ये टेकाड असल्यामुळे मला ती दोघं दिसत होती, पण समोरचं काही दिसत नव्हतं.

प्रॅथर बर्फात पालथा पडला आणि त्याने बंदूक खांद्याला लावली. "नर आहे," तो कुजबुजला. "आडवा उभा आहे. बाई, शिंगं बघा त्याची! सहा सहा टोकं आहेत. मारू?"

आमच्यात नियम आहे. वाट दाखवणारा 'मार' म्हणत नाही तोवर पाहुण्याने चाप ओढायचा नाही. नेड्राने दुर्बीण डोळ्यांना लावली. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. दुर्बीण डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. प्रॅथरने बंदुकीचा सुरक्षेचा खटका सरकवल्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला. तिने दुर्बीण खाली घेतली आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पर्ल हुंकारली. नाकातल्या नाकात, हळू, जसं ती संध्याकाळी बिस्किट जवळ आलं की करायची.

नेड्राने झुकून आपला पंजा बंदुकीच्या दुर्बिणीवर ठेवला. "गोळी काढ," ती म्हणाली. "उठू नकोस. आधी गोळी काढून माझ्या हातात दे."

त्याने काढून दिली. मग टेकाडाच्या बाजूने बर्फ उडवत बिस्किट धावत आलं. ते ज्याच्यापुढे उभं होतं ते वाळलेलं पाइनचं खोड मी नंतर जाऊन पाहिलं. खोडाच्या मोडक्या फांद्या म्हणजे कुणीही फसावं अशी शिंगं होती. शिकाऱ्यांनी फसू नये म्हणून बिस्किटाच्या शेपटीत आम्ही बांधलेली नारिंगी फीत बर्फाने गोठून पांढऱ्या काठीसारखी झाली होती. बिस्किटाने पर्लच्या मानेखाली डोकं खुपसलं. प्रॅथर उठून बसला. त्याचे हात असे कापत होते की त्याला हातमोजे घालता येईनात.

मी जवळ गेलो आणि खिशातला पायमोजा काढून नेड्रापुढे धरला. घंटेचं सांगितलं, सकाळच्या खोट्याचंही सांगितलं. ती मला सोलून काढेल असं वाटलं होतं. तिने फक्त पायमोजा हाताने चाचपून बघितला आणि मला परत दिला.

मग ती प्रॅथरकडे वळली. म्हणाली, माझ्या नजरेच्या मधोमध धूर आहे. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दोन वर्षं झाली. तुला हे तळावर येण्याआधी कळायला हवं होतं.

"पण तुम्ही थांबवलंत ना," प्रॅथर म्हणाला. भला माणूस.

"घोडीने थांबवलं. मी 'मार' म्हणणार होते. शब्द जिभेवर होता."

तेवढ्यात वरून शिट्टीसारखी हाक आली. नर एल्कची हाक ज्याने ऐकली नाही त्याला ती सांगता येत नाही. खालून खोल सुरू होते, चढत चढत इतकी बारीक होते की दातांत जाणवते, आणि मग तुटते. माझ्या अंगावर काटा आला. वरच्या खिंडीतून कळप खाली येत होता. रात्रीच्या बर्फाने त्यांना उंचावरून हाकललं होतं. आता जराशी झुळूक त्यांच्याकडून आमच्याकडे येऊ लागली होती आणि आम्ही झाडांच्या सावलीत होतो. ते आमच्या समोरून, शंभर पावलांवरून, एकामागोमाग एक जाऊ लागले.

"किती आहेत?" नेड्राने मला विचारलं.

"साठ असतील. अजून येतायत."

"असं नको. नीट सांग."

मी कुजबुजत सांगू लागलो. पुढे म्हातारी मादी आहे, छातीने बर्फ फोडत चाललीय. मागच्या सगळ्या तिच्याच पावलांत पाय टाकतायत. पाठीवरून वाफ निघतेय आणि सूर्य आता नेमका त्या वाफेवर आलाय. मी स्वयंपाकी माणूस, मला असलं बोलायची सवय नाही. पण जन्मात कधी बोललो नव्हतो इतकं त्या पंधरा मिनिटांत बोललो. ती डोळे मिटून, मान जराशी वर करून ऐकत होती. त्यांचा उग्र वास आला तेव्हा तिने लांब श्वास घेतला.

शेवटी नर आला. मी तिला तेवढंच सांगितलं. शिंगं पाठीपर्यंत गेलेली, मानेची आयाळ काळी, तोंडातून धूर. तो थांबला आणि सबंध पठारावरून त्याने नजर फिरवली. माझं वजन, वय, कर्ज, सांधेदुखी, सगळं मी विसरलो.

नेड्राने खिशातून गोळी काढून प्रॅथरपुढे धरली. "परवाना तुझा आहे आणि डोळेही तुझेच आहेत. आता मला विचारू नकोस."

प्रॅथरने गोळी घेतली. नराकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे बघितलं. ते अजून थरथरत होते. "नुसता जखमी होऊन जाईल," तो म्हणाला. नऊ वर्षं थांबलेल्या त्या माणसाने गोळी खिशात टाकली. मला त्या क्षणी त्याच्याविषयी जो आदर वाटला तो मी त्याला बोलून दाखवला नाही. रात्री मांसाचा मोठा तुकडा तेवढा वाढला.

"टोकं किती?" नेड्राने विचारलं.

"सात. डावीकडचं एक मोडलंय."

ती हसली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. नर झाडांत शिरला. फांद्यांवरचं बर्फ खाली पडल्याचा आवाज काही वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी तळ मोडला. खोगिरं कसताना ती माझ्याजवळ आली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"टोपी घेतली तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

मी म्हटलं, "तुला वाईट वाटलं असतं."

तिने पट्टा ओढून घट्ट केला. मग हळू आवाजात म्हणाली, "एमेट, तिथे बिस्किटाच्या जागी कुणी माणूस असता, तर आज आपल्या दोघांना किती वाईट वाटलं असतं?"

तिने सांगितलं की खाली गेल्यावर रॉसला ती स्वतःच सगळं सांगणार आहे आणि मी मध्ये तोंड घालायचं नाही. मग ती पर्लवर बसली, पण वाटेवर न येता बाजूला उभी राहिली.

"पुढे हो," ती मला म्हणाली.

एकतीस वर्षांत त्या वाटेवर तिच्यापुढे कुणी घोडा घातला नव्हता. मी घातला. वाट बर्फाखाली नाहीशी झालेली, डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. मागून तिचा आवाज येत राहिला. डावीकडे धर, बर्फाखाली ओढा वाहतोय. आता घोड्यावरून उतर, पुढे दगड निसरडा आहे. आता वाक, आडवी फांदी आहे. मी वाकायचो आणि फांदी टोपीला घासून जायची. बावीस मैल ती मागून अशी सांगत होती, प्रॅथर आमच्या मध्ये होता आणि सामानवाला खेचरं घेऊन तिच्या मागे.

दुपारी चारच्या सुमाराला आम्ही रस्त्याला लागलो. सबंध वाटेत तिचं एकदाही चुकलं नाही. दोनदा चुकलो तो मी, तिचं न ऐकता स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला म्हणून.