मिक्सर घेऊन शिराळ्याला

रविवारी सकाळी सव्वासहाला मी लोणंद स्टँडवर उभी होते आणि माझ्या पिशवीत आमच्या घरचा मिक्सर होता. मिक्सर धडधाकट होता. आदल्या दिवशी मीच त्याच्या पोटातली एक वायर ओढून काढली होती. आईला वायरीचा अजून पत्ता नव्हता, नाहीतर शिराळा राहिलं बाजूला, मी स्टँडपर्यंतसुद्धा पोचले नसते.

कारण सांगते. मला शिराळ्याचं स्थळ आलं होतं. मुलाचं नाव प्रशांत, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, घरात आई आणि तो. साताऱ्याला माझ्या मामाकडे बघण्याचा कार्यक्रम झाला. त्यात हा गृहस्थ एकूण तीन वाक्यं बोलला. त्यातलं एक "पोहे छान झालेत" हे होतं, आणि पोहे मामीने केले होते. दोन दिवसांत त्यांचा होकार आला. आमचं उत्तर ह्या रविवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. मामा शिराळ्याला जाऊन चौकशी करून आला होता, पण मामाची चौकशी म्हणजे पाच ठिकाणी चहा. परत येऊन म्हणाला, "पोरगं सोन्यासारखं हाय."

आता मी लोणंदला लहानाची मोठी झालेली बाई. हे "सोन्यासारखं" कसं तयार होतं ते मी स्टँडसमोरच्या बापूकाकांच्या चहाच्या टपरीवर शाळेच्या दप्तरासकट बघितलेलं आहे. इस्त्रीचा शर्ट घातलेले दोन पाहुणे येतात, चहा सांगतात आणि अगदी सहज विचारल्यासारखं, "ते अमके कुठं राहतात हो?" असं विचारतात. झालं. सगळ्या बाकड्याला कळतं, चौकशी आली. मग जो मुलगा दिवसभर पत्ते कुटतो तोही सोन्यासारखा होतो. कुणाचं ठरत आलेलं लग्न मोडायचं पाप डोक्यावर कशाला घ्या, हा आमचा हिशेब. शिराळ्याचा वेगळा असेल असं मानायला मी काही दुधखुळी नव्हते. शिवाय मी शिरवळला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तपासल्याशिवाय माल पुढे सोडत नाही. म्हणून मीच निघाले.

साताऱ्यापर्यंत थंडीने दात वाजत होते. तिथून कोल्हापूरची गाडी धरली. कराडच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकाला दोन ट्रॉल्या, त्यावर गाणी मोठ्यांदा लावलेली, आणि मागे आमची एसटी मुंगीच्या पावलांनी. पेठ नाक्यावर उतरून वडापमध्ये (माणसं कोंबून नेणारी जीप) बसले. नऊ जणांच्या जागेत आम्ही चौदा होतो आणि मिक्सर पंधरावा.

शेजारच्या मावशींनी आधी पिशवी बघितली, मग मला.

"कुनाच्यात चाललीस गं?"

"कुणाच्यात नाही. मिक्सर दुरुस्त करायचाय."

"कुठनं आलीस?"

"लोणंदवरनं."

"आगं बया! लोणंदात मिक्सर दुरुस्त करत न्हाईत व्हय?"

मी म्हणाले, इथे एकजण फार चांगलं काम करतो असं ऐकलंय. मावशी "व्हय व्हय, लय चांगलं करतंय" म्हणाल्या आणि पदराआड मोबाइल धरून कुणाशी तरी हळू बोलायला लागल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माझं लक्ष रस्त्याच्या कडेच्या गवताकडे होतं. शिराळा म्हटलं की नाग, आणि मला गांडुळाचीसुद्धा भीती वाटते. डोंगराच्या कुशीतलं इतकं देखणं गाव, भाताची कापलेली खाचरं, मध्येच हिरवागार ऊस, आणि मी मात्र सबंध वाट काहीतरी वळवळतंय का एवढंच बघत आले.

दुकान सापडलं. शटर खाली होतं. शेजारी चहाची टपरी होती, म्हणजे असायचीच. मी चहा घेतला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे मोटारवाले कधी येतात हो?"

सगळं बाकडं गप्प झालं. मी ती शांतता ओळखली. फक्त ह्या वेळी इस्त्रीच्या शर्टात मी होते.

"परशांत? लय गुणी पोरगं," चहावाले म्हणाले. "निर्व्यसनी," एक पेपरवाले गृहस्थ म्हणाले. "आईची सेवा करतंय," तिसरे म्हणाले. केस कापणारा माणूस कात्री हातात घेऊन दुकानातून बाहेर आला आणि "सोन्यासारखं" एवढं एकच सांगून परत आत गेला. आतल्या गिऱ्हाइकाचं अर्धंच डोकं झालं होतं.

मी कपाळाला हात लावायचीच बाकी होते. तेवढ्यात चहावाल्यांनी विचारलं, "तुमी लोणंदच्या न्हवं? आमची मेव्हणी दिलीया तिकडं. तिथं म्हनं कांद्याच्या बाजारात एका बारक्या पोरीनं लिलावात बोली लावली हुती. अकरा गोणी!"

मी कप खाली ठेवला.

ती बारकी पोरगी मी. माझे वडील बाजारात गोण्या वाहायचे. मी नऊ वर्षांची असताना एकदा त्यांचा डबा घेऊन गेले, लिलावाची गंमत वाटली, आणि गोणीवर चढून मोठ्यांदा एक आकडा ओरडले. व्यापारी खट्याळ होता. त्याने बोली माझ्याच नावावर सोडली आणि सगळा बाजार हसून लोळला. वडील मानी. ते म्हणाले, पोरीनं शब्द दिलाय, माल आम्ही उचलणार. अकरा गोण्या कांदा घरी आला. दोन महिने भाजीत कांदा, भाकरीबरोबर कांदा, आणि पाहुण्यांना निरोपाचा कांदा. तेव्हापासून लोणंदला मला हर्षदा म्हणून फक्त शिक्षक हाक मारत. बाकी सगळ्यांना मी "अकरा गोणी". वर्गात पहिली आले तर "अकरा गोणी पहिली आली". सायकलवरून पडले तर घरी निरोप गेला, "अकरा गोणी पडल्या." शिरवळला नोकरी लागली तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद पगाराचा झाला नव्हता. तिथे कुणाला हे नाव माहीत नव्हतं, त्याचा झाला होता.

"मला काही कल्पना नाही," मी चहावाल्यांना म्हणाले.

"व्हय का," ते म्हणाले आणि बाकडं खाली मान घालून हसलं.

इतक्यात लुगड्याचा ओचा खोचलेल्या एक बाई तरातरा आल्या आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. प्रशांतच्या आई. वडापमधल्या मावशी त्यांच्या चुलत जाऊ निघाल्या. "चल घरी. पावट्याची आमटी केलीया. मिक्सर बी तिथंच बगू."

घरी गेल्यावर ह्या बाईंनी जेवायच्या आधी पान्हा-पकड काढली, मिक्सर उलटा केला आणि चार स्क्रू सोडले. मोटारीच्या तारा गुंडाळायचं निम्मं काम त्याच करतात हे मामाच्या पाच चहांत निघालं नव्हतं. त्यांनी आत डोकावून माझ्याकडे बघितलं.

"ही वायर जळली न्हाई. वडून काढलीया."

मी मान खाली घातली. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मामा आला हुता तुजा, त्यानं आमचं पोरगं सोडून समदं बघितलं. आता माझ्याकडनं ऐक."

आणि मग भाकरी, पावट्याची आमटी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) वाढता वाढता त्या आपल्या मुलाबद्दल जे बोलल्या, ते दुश्मनही बोलला नसता. बारावीला दोनदा नापास झालाय. घोरतो. शिराळ्याचा असून नागाला भितो, लहानपणी पंचमीला धान्याच्या कणगीत लपून बसायचा. "आनि समद्यात वंगाळ म्हंजे," त्या म्हणाल्या, "त्याला कुनाला न्हाई म्हनताच येत न्हाई. कोन म्हनलं मोटार काड, काडतंय. कोन म्हनलं वरातीत नाच, नाचतंय."

माझा घास हातातच राहिला. "मग माझ्या बाबतीत?"

"त्येच तर! तुज्या मामानं इचारलं, पोरगी पसंत? ह्यो म्हनला, व्हय. आता ती व्हय खरी का नेमीची, मला कसं कळावं? म्हून सकाळी त्याला लोनंदला धाडलाय. म्हनलं, तुज्या कानानं ऐकून ये, आनि न्हाई म्हनायचं आसंल तर आयुष्यात एकदा तरी म्हन."

म्हणजे मी त्याची चौकशी करत शिराळ्यात, आणि तो माझी करत लोणंदात! कराडच्या आसपास कुठेतरी आम्ही एकमेकांना ओलांडलं असणार. मी अंगणात पळाले आणि बापूकाकांना फोन लावला.

"काका, कुणी पाहुणा आलाय का?"

"आलाय. बसलाय. ठेव फोन." आणि त्यांनी ठेवलासुद्धा.

खोटं कशाला बोलू, सकाळपर्यंत मला हा माणूस तीन वाक्यांचा वाटत होता. आता कणगीत बसलेला मुलगा डोळ्यांसमोरून हलेना, आणि तो नको म्हणाला तर मला वाईट वाटणार, हे त्या अंगणात लख्ख कळलं. त्याच्या आईंनी वायर जोडून दिलेला मिक्सर उचलला, त्यांचा निरोप घेतला, मिळालं ते वडाप धरलं आणि पेठ नाक्यावरून पुन्हा फोन लावला.

"गेला गं," काका म्हणाले. "समदं सांगितलं त्याला."

"सगळं?"

"अकरा गोणी सांगितल्या. मास्तरांशी भांडलीस त्ये सांगितलं. तोंड फटकळ हाय म्हनून बी सांगितलं."

"अहो काका! गावातल्या दारुड्यांना तुम्ही सोन्यासारखं म्हणता आणि मी एवढी वाईट?"

"आगं, त्या पोरानं चहा पिऊन सोताचा कप इसळून ठिवला. असल्या मानसाला खोटं कसं सांगू?"

साताऱ्यापर्यंतचा प्रवास मी कसा केला मला आठवत नाही. पुढच्या बाकावर एका आजीबाईंच्या टोपलीत कोंबडी होती आणि ती सारखी माझ्याकडे बघत होती, एवढंच आठवतं. पाच वाजता सातारा स्टँडवर उतरले, तर लोणंदच्या फलाटावर हेल्मेट हातात घेऊन प्रशांत उभा. त्याच्या आईने फोन करून सांगितलं होतं म्हणे. दीड तास उभा होता.

"मिक्सर झाला का?" त्याने विचारलं.

"झाला. काय काय ऐकलंत?"

"लय ऐकलं." तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होता. "गोणीवर चढून ओरडल्याचं दोघातिघांनी करून बी दाखवलं."

"आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही, असं मी ऐकलं," मी म्हणाले. फटकळ आहेच मी. "तुमचा होकार मला तसला नकोय. नको असेल तर इथेच सांगा, मी घरी सांभाळून घेते."

लोणंदची गाडी लागली, लोक धावले, मी हलले नाही.

"बापूकाकांनी मोबाइल काढून त्यांच्या भाचीचा फोटो दाखवला," तो म्हणाला. "म्हनले, ही गरीब गाय हाय, तोंडातनं शब्द काढत न्हाई. ही फटकळ कशाला करता, हिला करा. समदी टपरी माझ्या तोंडाकडं बघत हुती."

"मग?"

"न्हाई म्हटलं." त्याने खिशातून रुमाल काढला. "जमलं. पन घाम लय आला."

थंडीचे दिवस, आणि एवढं सांगतानाही त्याच्या कपाळावर पुन्हा घाम आला होता. मी इतक्या मोठ्यांदा हसले की कंडक्टरने खाली वाकून विचारलं, "ताई, येताय का राहताय?"

गाडीत खिडकीशी बसले. वाठारच्या चढाला अंधार पडला. गावात वाढलं की आपली सगळी फजिती सगळ्यांना पाठ असते, आणि मी इतकी वर्षं त्यापासून शिरवळपर्यंत पळत होते. आज एका माणसाने ती सगळी एका बैठकीत ऐकली होती आणि तरी फलाटावर दीड तास थांबला होता. आता त्याच्यापासून लपवायला माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं, आणि मला फार फार हलकं वाटत होतं.

लोणंदला उतरल्यावर बापूकाकांना गाठलं. भाचीचं विचारलं, तर म्हणाले, "मी त्याला तपासत हुतो." माझा विश्वास नाही. भाची खरंच लग्नाची आहे.

घरी आई दारातच उभी होती. मामाचा तीनदा फोन येऊन गेला होता. "काय कळवू त्यांना? चौकशीत काय निघालं?"

"बारावीला दोनदा नापास, घोरतो, नागाला भितो," मी चपला काढत म्हणाले. "आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हणालाय, आई, तो माझ्यासाठी. हो कळव."