व्याह्यांची जीभ आणि माडीचा शिरका

‘बाबांच्या जिभेचा नुसता गाजावाजा होता हो! बाजारच्या पांढऱ्या शिरक्यातलं कोळंबीचं लोणचं तीनदा मागून खाल्लं आणि पत्तासुद्धा लागला नाही त्यांना!’ व्याह्यांचे वर्षश्राद्ध आटोपल्यानंतर ओटीवर बसून माझे जावई आपल्या वडिलांविषयी हे सांगत होते आणि सारी ओटी हसत होती. ज्या माझ्या मुलीने ते लोणचे घातले होते, तीही पदराआड हसली. मी हसलो नाही. हा वृत्तान्त निखालस चुकीचा आहे, आणि तो दुरुस्त केल्याखेरीज मी स्वस्थ बसणार नाही.

शिरक्याच्या बाबतीत माझ्या व्याह्यांइतका हट्टी आणि चिकित्सक मनुष्य उभ्या रत्नागिरीत झाला नाही. तरुण मंडळी ज्याला सरसकट व्हिनेगर म्हणून मोकळी होतात, त्याचे त्यांच्या फडताळात पाच प्रकार असत: उसाचा, जवाचा, काजूच्या बोंडांचा, मुलाने मुंबईहून आणलेला सफरचंदाचा आणि सर्वांच्या वर, उंच फळीवरच्या चिनी मातीच्या बरणीत, माडीचा, म्हणजे माडाच्या आंबवलेल्या रसाचा. हा माडीचा शिरका त्यांच्या आईने नाटे गावाहून माहेरचे वाण म्हणून आणला होता. त्यावर सायीसारखा जाड थर धरलेला असे. दरवर्षी वरून ताजी माडी घालायची आणि त्या थराला जपायचे, हा त्या घराचा कुळाचार. कोणत्या शिरक्याऐवजी कोणता चालेल, याचे त्यांचे नियम पक्के होते. उसाचा संपला तर बोंडांचा घ्यावा, पण चिमूटभर गूळ घालून. जवाचा संपला तर उसाचा, पण थोडा कमी. माडीचा संपला तर मात्र कोळंबीचे लोणचे पुढे ढकलावे. ‘आणि बाजारचा पांढरा?’ असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले आणि म्हणाले, ‘खिडक्यांच्या काचा छान निघतात त्यानं, व्याहीबुवा.’

त्यांच्याबरोबर प्रवास करणे ही एक परीक्षाच असे. खेडच्या एसटी स्टँडबाहेर एका चायनीजच्या गाडीवर मिरच्या घातलेली बाटली दिसली, तेव्हा त्यांनी तिचे झाकण उघडून वास घेतला आणि गाडीवाल्याला म्हणाले, ‘हात मेल्या! पांढरा तो पांढरा, वर निम्मं पाणी! मिरच्या नासतील ना तुझ्या!’ गाडीवाला शांतपणे म्हणाला, ‘आजोबा, ती बघा, रत्नागिरी सुटली तुमची.’ ती खरोखरच सुटली होती. पुढची गाडी येईपर्यंत व्याह्यांनी त्याला मिरच्या मुरवण्याचा संपूर्ण पाठ दिला, आणि मी आमच्या दोन पिशव्या सांभाळत उन्हात उभा राहिलो.

माझ्या मुलीला ते पाहायला आले, तेव्हा शिक्षण, गाणे, विणकाम यांपैकी एकाही गोष्टीची चौकशी त्यांनी केली नाही. एकच प्रश्न टाकला: ‘समज, पाहुणे पानावर बसलेत, कांद्यावर घालायला शिरका नाही. काय करशील गो?’ मुलगी क्षणभरही अडखळली नाही. ‘परसातल्या झाडाची चार आंबट बिंबलं पिळीन,’ ती म्हणाली. व्याहीबुवा तिथल्या तिथे उठून उभे राहिले. ‘मुलगी आमची झाली,’ त्यांनी जाहीर केले. आणि मग बोट उगारून तिला म्हणाले, ‘पण बदल केलास तर सांगायचं हो मला. न सांगता बदललेलं मला कळतं.’ लग्नात त्यांनी मला आहेर केला तो त्या बरणीतल्या शिरक्याच्या बाटलीचा. आमच्या मंडळींना ते मुळीच रुचले नाही. मी मात्र पुढे दरवर्षी तीत ताजी माडी घालत आलो.

आता त्या लोणच्याकडे येतो. शेवटच्या वर्षी व्याह्यांचा पाय मोडला आणि ते प्लास्टर घालून खाटेवर पडले. फळीवरून उतरवताना ती बरणी माझ्या मुलीच्या हातून निसटली आणि फुटली. त्या वेळी घरात दुसरे कोणी जागे नव्हते, व्याहीही खाटेवर दुपारची झोप घेत होते. घाबरून तिने तशीच दुसरी बरणी आणली, बाजारचा पांढरा शिरका गुळाच्या पाण्याने रंगवून तीत भरला, त्याच शिरक्यात लोणचे घातले आणि कोणालाही अवाक्षर सांगितले नाही. नवऱ्यालाही तिने हे सांगितले ते सासरे गेल्यानंतर. लोणच्याचे पहिले वाढप झाले तेव्हा मी तिथे होतो. व्याह्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मुलगी दाराची चौकट धरून उभी होती. ‘झकास जमलंय गो,’ ते म्हणाले, ‘वाढ आणखी.’ मग आणखी एकदा. तीनदा मागितले, हे जावयांचे म्हणणे खरे आहे. त्यांचे खरे तेवढेच.

मुलगी आता सगळ्यांना नवल म्हणून सांगते की, महिन्याभराने पाहिले तर तिच्या त्या बाजारच्या शिरक्यावर आपोआप जुन्यासारखी साय धरली होती. देवाची कृपा, म्हणते. मी वर्षभर ऐकून घेतले, कारण मी शब्द दिला होता. परंतु तिने आपले गुपित स्वतःच चारचौघांत उघडे केले आहे, आणि त्या मनुष्याच्या जिभेवर ओटी हसते आहे. तेव्हा माझाही शब्द इथे संपला.

लोणचे खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला व्याह्यांचा फोन आला. ‘सूनबाई बाजारात गेल्ये,’ ते हलक्या आवाजात म्हणाले. ‘तुमच्याकडची बाटली पिशवीत घालून आणा. फळीवरच्या बरणीतलं आहे ते मोरीत ओता आणि आपला शिरका भरा. तिला कळता कामा नये.’