दाढेसाठी मोडलेला सोमवार

बायको गेली तेव्हा मी औंढ्याच्या नागनाथावर रुसलो होतो. तरी सोमवार सोडला न्हाई. दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा घेत न्हाई मी. घरात एकटाच, भाकरी आपली आपणच थापायची अन् भिंतीकडं बघत खायची. चावायला एकच दाढ कामाची उरलेली. तिचं रूट कनाल झालं होतं, तरी ठणका जाईना. लेक पुण्याला. त्याला कळवलं न्हाई. बोलवायचं कशाला, हा माझा ताठा.

सोमवारीच हिंगोलीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. म्हणाल्या, "बाबा, मागच्या वेळी एक मूळ भरायचंच राहिलं. जुना मसाला काढून आज एकाच बैठकीत नीट करते. नाहीतर दाढ काढावी लागेल. पण उपाशीपोटी सुई देणार नाही. सोबत कोण आहे?"

"कुनी न्हाई. अन् सोमवार मी मोडत न्हाई," म्हणून उठलो. एकदा जिना उतरलो तर पुन्हा चढणार न्हाई, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाहेर बाकड्यावर तांड्यावरची एक म्हातारी कवळीसाठी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काहून पळून राहिला, भाऊ?"

"उपास हाय."

तिनं ओठ वर करून बोळकं दाखवलं. "मी बी अशीच तोऱ्यात निघून गेलते. आता वरण पिते." पिशवीतून डोंगरकडा गावचं केळं काढलं, सोलून माझ्या हातात कोंबलं. "खा! नागनाथ काय दारात उभा हाय तुझं तोंड हुंगायला?"

मला हसू फुटलं. किती महिन्यांनी, कोण जाणे. केळं खाल्लं.

मग तीच आत आली. "मी हाय याच्यासंगं. बहीण समजा," म्हणाली.

मशीन सुरू झालं. नागनाथाचं नाव घ्यायला गेलो तर नाव सुचेना. पायावर तिचा खरबरीत हात तेवढा होता. काम उरकेपर्यंत तिनं तो काढला न्हाई. नंतर आम्ही बाहेर आलो, तिचा नंबर आला अन् ती परत आत गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दाढ शाबूत हाय. देवानं तिला धाडलं का, हे मी अडाणी माणूस काय सांगू? आयुष्यभर देवाला देत आलो, घ्यायचं कधी जमलं न्हाई, एवढं मात्र त्या दिवशी कळलं. औंढ्याला गाभाऱ्यात उतरायची वाट अरुंद, पायऱ्या उंच. कुणी हात पुढं केला तर आधी मी झिडकारायचो. आता धरतो.