सोबत की उलट

माझे सासरे गाड्या दुरुस्त करतात आणि घरी आले की तोंडाला कुलूप लावून बसतात. सासूबाईंशी ते मोकळेपणी बोलत ते फक्त गॅरेजमध्ये, एखाद्या गाडीच्या मागच्या चाकांपाशी.

मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारं डिफरन्शियल लिमिटेड-स्लिप आहे की साधं, हे बघायचं असलं की सासरे मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचलून घेत, गिअर न्यूट्रलला टाकत आणि पलीकडच्या चाकापाशी सासूबाईंना बसवत. सासरे आपल्या बाजूचं चाक हाताने फिरवणार, सासूबाई आपल्या बाजूचं बघून सांगणार. विरुद्ध दिशेला फिरलं तर "उलट", म्हणजे साधं. त्याच दिशेला फिरलं तर "सोबत", म्हणजे लिमिटेड-स्लिप. अशा गाडीचं एक चाक चिखलात नुसतं गरगरलं, तरी दुसरं हातपाय गाळत नाही.

मग सासूबाईंची नजर गेली. "आंधळीचं तिथं काय काम?" म्हणाल्या आणि दिवसभर खिडकीपाशी बसू लागल्या. जेवण तुटलं. मला ते बघवत नसे. सासरे मात्र गप्प. त्यांचा मला भयंकर राग यायचा.

त्यांच्या जागी शेजारचा वेल्डर बसू लागला. परवा त्याने ठणकावून सांगितलं, "उलट." सासऱ्यांनी गिऱ्हाइकाला तसं कळवलंही. मग गाडी सैल खडीवर नेली, तर दोन्ही चाकं सारखीच खडी उडवू लागली, म्हणजे लिमिटेड-स्लिपच. वेल्डरने घड्याळाच्या काट्यांवरून दिशा ठरवली होती. समोरासमोर बसलं की एकाचं सुलटं ते दुसऱ्याला उलटं दिसणारच. बघायचं असतं ते चाकाचा माथा गाडीच्या नाकाकडे जातोय की शेपटीकडे.

सासरे भर दुपारी घरी आले. "चल," सासूबाईंना म्हणाले.

"अहो, मला दिसत नाही."

"बघायला कोण सांगतंय? हात ठेव."

मीच त्यांना धरून नेलं, घरातलं स्टूल घेऊन. त्यांनी टायरच्या माथ्यावर तळवा टेकवला. सासऱ्यांनी पलीकडून चाक पुढे फिरवलं. तळवा हळूच पुढे सरकला.

"सोबत," सासूबाई म्हणाल्या.

"नीट ऐकू नाही आलं," सासरे म्हणाले. त्यांचे कान किती तिखट आहेत, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाईंनाही.

"सोबत," त्या पुन्हा म्हणाल्या.

निघताना मी स्टूल उचललं, तर सासूबाईंनी माझा हात धरला. "राहू दे गं इथंच. उद्या लागेल."