पहिल्या वर्गापायी एक वर्ष

कुसुम, मी गाव सोडलं तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. मे संपत आला होता आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत मला ठाण्याला मामाकडे पोचायचं होतं. बंदरावर पडावात चढताना तू माझा सदरा धरून विचारलंस, "दादा, मला कधी नेशील?" उत्तर आप्पांनी दिलं, "तो बी.कॉम. झाला की खोली घेईल, मग तुझी इंग्रजी शाळा." तेवढ्यावर तुझं समाधान झालं. पडाव हलला तेव्हा तू रडली नाहीस, आप्पाच डोळे पुसत होते.

मामाचं बिऱ्हाड टेंभी नाक्याजवळ, दोन खोल्यांत सात माणसं. मी पुस्तकं घेऊन मासुंदा तळ्याच्या काठी जाऊन बसायचो. 'जरा थांब'ऐवजी आपलं गावचं 'वायच थांब' म्हटलं की मामेभाऊ फिदीफिदी हसायचे, म्हणून 'वायच' सोडलं आणि बॅलन्स शीट, क्लिअरिंग, डिस्काउंट असले शब्द जिभेवर घोळवू लागलो. इकडे तू सातवीची फायनल केंद्रात पहिली येऊन पास झालीस. गणित तर तुला माझ्यापेक्षा चांगलं यायचं. पण गावात पुढे शाळा नाही. तू घरी बसून माझ्या डिग्रीची वाट बघू लागलीस.

आणि मी काय केलं? आमच्या कॉलेजात एक रीतच पडली होती. सगळे पेपर एका खेपेला सुटले तरच वर्ग मिळायचा, म्हणून ज्याला सेकंड क्लासची धास्ती वाटे तो परीक्षा अर्ध्यावर सोडून 'ड्रॉप' घेई. मोठ्या बँकेत ऑफिसर व्हायचं तर फर्स्ट क्लास पाहिजेच, असं आम्ही धरूनच चाललो होतो. माझा मित्र गद्रे तेवढा वेगळं बोलायचा. "अरे, सेकंड तर सेकंड! कारकुनी धर, नोकरी सांभाळून एम.कॉम. कर. बहिणीला आणायचंय ना तुला?" मी त्याला वेड्यात काढलं. दोन पेपर बरे गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी हॉलच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तळ्याकाठी बसून शेंगा खाल्ल्या, चांगल्या दोन पुड्या. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

घरी मात्र कळवलं की टायफॉइड झाला, परीक्षेला बसता आलं नाही. आप्पांचं कार्ड आलं, "प्रकृती सांभाळ. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही आहे." तू माझ्यासाठी शनिवार धरलेस.

दिवाळीनंतर तुला स्थळ आलं. आप्पांनी मला विचारलं, थांबायचं का? 'थांबा, मी मिळेल ती नोकरी धरतो आणि कुसुमला नेतो,' एवढं लिहायला किती शाई लागली असती! मी तीन पानं फर्स्ट क्लास आणि एम.कॉम.वर खरडली, आणि शेवटी तुझ्यासाठी एक ओळ, 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा.' पुढे आप्पांनीच मला सांगितलं की तू म्हणालीस, "दादा आजारातून उठलाय, त्याच्यावर माझं ओझं नको." माघात तुझं लग्न झालं. पंगतीत वाढताना तू म्हणालीस, "किती वाळलास रे दादा!" मी चांगला गरगरीत होतो गं.

फर्स्ट क्लास मिळाला, एम.कॉम. झालं, बँकेत ऑफिसरही झालो. माझ्या शेजारच्या टेबलावर, माझ्याच हुद्द्यावर गद्रे बसतो. सेकंड क्लासवाला. कारकून म्हणून लागला, एम.कॉम. केलं आणि माझ्या आधी वर्षभर त्या खुर्चीवर आला. त्याच्याकडे बघितलं की मला जेवण जात नाही.

आता डोंबिवलीत दोन खोल्या आहेत, हाकेवर शाळा आहे. म्हणून गेल्या महिन्यात तुला लिहिलं, की चिमीला पाचवं लागलं की माझ्याकडे पाठव, तुझी लेक मी शिकवतो. काल तुझं उत्तर आलं. "दादा, चिमीला नको. तुझी प्रकृती मुळात नाजूक, त्यात पोरीची दगदग कशाला? तू स्वतःला जप." तीनदा वाचलं, मग हे लिहायला बसलो.

हल्ली कोणी गाव विचारलं तर मी डोंबिवली सांगून मोकळा होतो. तिकडचं नाव घ्यायला तोंड राहिलेलं नाही. आप्पा गेले, घराला कुलूप लागलं. माझं म्हणावं असं घर आता एकच उरलंय, ते तुझं. आणि तिथे मी इतकी वर्षं आजारी माणूस म्हणून जगतोय.

कुसुम, मला टायफॉइड झालाच नव्हता. एक दिवस साधा तापही नव्हता. मी तुझी शाळा माझ्या हावेपायी घालवली आणि वर तुझ्याकडून उपास करून घेतले. मला काय म्हणायचं ते म्हण. पण चिमीला पाठव. हे वाचल्यावर तर तू पाठवणारच नाहीस, ते मला कळतंय.